बावीस पावलांचा उतार

मामांना सख्खा भाचा एकही नव्हता, तरी दिवसाकाठी शंभर माणसं त्यांना मामा म्हणायची. इस्पितळात स्ट्रेचर ढकलायला लागलेला माणूस पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा मामा होतो; त्याचं वय विचारायला कुणाला सवड नसते. हे कामावर लागले तेव्हा चोवीस वर्षांचे होते आणि साठीच्या बायकासुद्धा "अहो मामा, जरा हळू" म्हणायच्या. आठ दिवस लाजल्यासारखं झालं, मग अंगवळणी पडलं. आता अठ्ठावन्न पूर्ण झाली होती आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

काम एकच. वॉर्डातून पेशंट उचलायचा, ऑपरेशनला न्यायचा, एक्स-रेला न्यायचा, परत आणून खाटेवर ठेवायचा. ढकलायला काय अक्कल लागते, असं कुणी म्हणालंच, तर त्याला एकदा त्या स्ट्रेचरवर आडवं घालून नवख्या माणसाच्या ताब्यात द्यावं. पोटाला ताजे टाके असले की फरशीतली प्रत्येक फट कळते. मामा दाराची पट्टी आली की दांडीवर किंचित भार देऊन पुढची चाकं हलकी करायचे आणि पेशंटला पत्ताही लागायचा नाही. शिवाय तोंड अखंड चालू. "ताई, आता उजवीकडे वळतोय. आता जरा गार लागेल, खिडकी उघडी आहे. आता उतार, घाबरायचं नाही, मी धरलंय." आडव्या माणसाला फक्त छत दिसतं, आपल्याला कुठे नेतायत ते कळत नाही आणि म्हणून त्याचा जीव घाबरा होतो, असं मामांचं म्हणणं. मोठमोठ्या डॉक्टरांना जे सुचलं नाही ते त्यांना सुचलं होतं, आणि त्यांनी कधी त्याचा गाजावाजा केला नाही.

इमारतीचा जुना भाग उंचावर आणि नवा खाली. दोन्हींच्या मधे एक लांबलचक उतार होता. चौतीस वर्षांत मामांनी तो इतक्या वेळा केला होता की पावलं पाठ झाली होती. बावीस. तेविसाव्याला सपाट जमीन.

दुखणं सुरू झालं ते डाव्या हातापासून. शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला. मग बसल्या बसल्या अंगठा आपला आपणच हलायला लागला. बायको म्हणाली, "अहो, कुणाला काय मोजून दाखवताय?" मामा हसले आणि त्यांनी हात मांडीखाली दाबून धरला. पण रोज रोज हात मांडीखाली किती दाबणार?

शेवटी ते आपल्याच इस्पितळातल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. या बाई अठरा वर्षांपूर्वी शिकायला आल्या होत्या. पहिलंच ऑपरेशन बघताना त्यांना घेरी आली होती आणि मामांनी त्यांना स्वतःच्या स्ट्रेचरवर घालून बाहेर आणलं होतं. "बाई, तुम्ही माझ्या जुन्या पेशंट," असं मामा त्यांना चारचौघांत चिडवायचे. त्या दिवशी मात्र बाईंनी त्यांना वऱ्हांड्यात चालायला लावलं, बोटांवर बोट आपटायला लावलं, मनगट फिरवून बघितलं आणि दार लावून घेतलं.

"मामा, हा कंपवात आहे. गोळ्यांनी पुष्कळ वर्षं निभावता येतं. पण हा बरा होणारा आजार नाही. हळूहळू वाढत जातो."

विचारायचं म्हणून शंभर गोष्टी होत्या. त्यांनी एकच विचारली, "आणि स्ट्रेचर?"

बाईंनी खणातून एक काळा पट्टा काढला, घड्याळासारखा, पण वेळ न दाखवणारा. "इथे माझ्यासमोर तुम्ही दोन मिनिटं ऐटीत चालता. त्यावरून मला काय कळणार? मला तुमचं रोजचं चालणं बघायचंय. हा मनगटावर बांधा. दिवसभरात किती पावलं चाललात ते माझ्या कॉम्प्युटरवर येईल. महिन्याची सरासरी आठ हजारांच्या वर असेपर्यंत स्ट्रेचर तुमच्याकडे. खाली आली की तुम्ही फाइलींच्या खिडकीवर बसायचं. कबूल?"

"कबूल," मामा म्हणाले. त्या फाइलींच्या खिडकीचं नाव काढलं तरी त्यांच्या अंगावर काटा यायचा. तिथे बसलेल्या माणसाला कुणी मामा म्हणत नाही. "ओ, माझी फाइल" म्हणतात.

पहिल्या आठवड्याचा आकडा आला दोन हजार शंभर.

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसभर मरमर मरायचं आणि हे काळं भूत म्हणतं दोन हजार! मग त्यांनी पट्ट्यावर पाळत ठेवली, तेव्हा खरी मेख सापडली. मोकळ्या हातांनी चाललं, की आकडा सरकायचा. स्ट्रेचरची दांडी धरून चाललं, की हात जागच्या जागी राहायचे आणि पट्ट्याच्या लेखी माणूस उभाच. म्हणजे मामा जे घरी चालले ते चालणं, आणि जे कामावर चालले ते काहीच नाही. हा कुठला न्याय? दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टा मनगटावरून काढला आणि मोज्याखाली डाव्या घोट्यावर बांधला.

यात लबाडी होती का? अजिबात नव्हती. पावलं त्यांचीच होती आणि घामही त्यांचाच होता. फक्त त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही, आणि बाईंनीही कधी विचारलं नाही.

मग आकडा ताळ्यावर आला. आठ हजार चारशे. पुढच्या महिन्यात नऊ हजार शंभर. मग दहा हजार तीनशे. बाई खूश झाल्या, "शाब्बास मामा, गोळी चांगली लागू पडलीय," म्हणाल्या आणि गोळी तेवढीच ठेवली. वॉर्डातल्या सिस्टरांनी त्यांना 'दसहजारी सरदार' पदवी दिली. पाचव्या महिन्यात आकडा साडेअकरा हजारांवर गेला, तेव्हा मामा घरी जाऊन बायकोला म्हणाले, "लोकांचा आजार वाढतो, माझा उलटा पळायला लागलाय."

बायको त्यांच्या चपला हातात घेऊन बसली होती. "हे बघा. टाचा नव्यासारख्या आहेत आणि पुढची टोकं झिजून गेलीत. तुम्ही जिन्यातून येता ते मला खालपासून ऐकू येतं. पाय उचलत नाही तुम्ही. फरफटवता."

"तुला चपलेचं कळतं. यंत्राला पायाचं कळतं."

"यंत्राशी लग्न नाही झालेलं तुमचं. माझ्याशी झालंय." ती उठून आत गेली, आणि मामांनी तो विषय तिथेच टाकला.

आणखी एकीच्या लक्षात आलं होतं. स्ट्रेचरला माणसं दोन लागतात. मामा डोक्याकडे, आणि पायाकडे मावशी. मावशीचं वय बत्तीस, पण कामावर लागली त्या दिवशीच तीही साऱ्या जगाची मावशी झाली होती. तिची नोकरी कंत्राटावरची, दर सहा महिन्यांनी सही करून वाढवून घ्यायची. काम तिला मामांनीच शिकवलं होतं. ती मामांना बापाच्या जागी मानायची, त्यामुळे तोंडावर काही बोलायची नाही. पण हल्ली लिफ्टच्या दारात मामांचे पाय मधेच जमिनीला चिकटायचे, ते तिने पाहिलं होतं. एक दोन क्षण ते तसेच थांबायचे. मग ती स्ट्रेचर जरासं ओढायची, दांडी पुढे सरकायची आणि दांडीबरोबर मामा सुटायचे. उतारावर ती पूर्वीपेक्षा जास्त जोर लावून स्ट्रेचर मागे रेटायची. मामांना तेही कळत होतं, आणि ते त्यांना झोंबत होतं.

त्या दिवशी वॉर्डातल्या शिवणवाल्या बाईंना एक्स-रेला न्यायचं होतं. बासष्ट वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, शिवणाच्या मशिनीवर पोट भरणाऱ्या. पायरीवरून घसरून खुबा मोडला होता. तीन दिवसांपूर्वी ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवली होती. ऑपरेशनला जाताना त्यांनी मामांचा हात इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ उठले होते. परत आणल्यावर म्हणाल्या होत्या, "मामा, दुसऱ्या कुणाकडे मला देऊ नका हो."

लिफ्ट बंद होती, म्हणून उताराने निघाले. उताराच्या तोंडाशी मावशीने नेहमीसारखी पुढची बाजू दोन्ही हातांनी धरली आणि हळूच म्हणाली, "मामा, आज आपण सावकाश जाऊ हं."

झालं! ते 'सावकाश' मामांच्या वर्मी लागलं. चौतीस वर्षं स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसाला ही कालची पोर सावकाश शिकवणार? "तू हो पुढे," ते म्हणाले. "खाली जाऊन दार धरून ठेव. मी आणतो."

"मामा, उताराला दोघं लागतात, तुम्हीच—"

"जा म्हटलं ना!"

मावशी गेली. दोनदा मागे वळून बघत गेली.

"ताई, आता उतार. घाबरायचं नाही, मी धरलंय," मामा म्हणाले आणि निघाले. पहिली चार पावलं ठीक पडली. मग स्ट्रेचर जरा पुढे झालं आणि त्याला गाठायला पाय भराभर पडायला लागले. पण ते भराभर पडत होते, लांब पडत नव्हते. टक टक टक टक, बोटभर बोटभर. अंग पुढे झुकलं होतं. मामा थांबायला सांगत होते आणि पाय ऐकत नव्हते. हात दांडीला धरलेले, पण मागे ओढायला पाय रोवावा लागतो, आणि रोवायला पाय होतेच कुठे? "मावशी!" एवढं ते ओरडले. मावशी दार सोडून धावली, तोवर स्ट्रेचर खालच्या भिंतीवर जाऊन आदळलं. पायाकडून आदळलं. शिवणवाल्या बाई जे ओरडल्या, ते वरच्या वॉर्डात ऐकू गेलं.

आत बसवलेली पट्टी निसटली होती. पुन्हा ऑपरेशन. आणि यावेळी पाय पूर्वीसारखा होईल असं कुणी सांगायला तयार नव्हतं.

चौकशी लागली. मोठ्या साहेबांसमोर मावशीने सांगून टाकलं, की चाक अडकलं. इस्पितळाच्या दुरुस्ती विभागातला माणूस आला, चारही चाकं फिरवून बघितली. चाकं लोण्यासारखी फिरत होती. मग साहेबांनी नियम काढला: उतारावर दोन माणसं. एक माणूस कुठे होतं? दाराशी. दाराशी का होतं? मावशीने मान खाली घातली आणि काही बोलली नाही. साहेबांनी मामांकडे बघितलं.

मामाही काही बोलले नाहीत.

त्यांच्याविषयी कितीही माया वाटत असली, तरी हे लपवून चालणार नाही. ते तोंड शिवून उभे राहिले. 'मीच तिला पाठवलं' एवढे तीन शब्द ओठांवर आले आणि त्यांनी ते गिळले. कारण ते बोलले असते, तर पुढचा प्रश्न आला असता: का पाठवलं? आणि त्याचं उत्तर फाइलींच्या खिडकीपाशी जाऊन थांबत होतं. साहेबांनी मावशीला तोवर घरी बसवलं आणि सोमवारी निकाल देतो म्हणाले. कंत्राटावरच्या माणसाचा निकाल काय असतो, ते तिथल्या झाडूवालीलाही ठाऊक होतं.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी मामांना बोलावलं. कॉम्प्युटरवर चढत चाललेली रेघ होती. "मामा, मला एक कळत नाही. तुमच्या कामाच्या वहीत बघितलं मी. सहा महिन्यांपूर्वी दिवसाला वीस फेऱ्या होत्या. आजही वीसच आहेत. मग पावलं आठ हजारांची साडेअकरा हजार कशी झाली? आणि हात दांडीवर असताना हा पट्टा इतकं मोजतो तरी कसा?"

मामांनी पॅन्टची कड वर केली आणि मोजा खाली ओढला.

बाईंनी वाकून तो घोटा बघितला. मग त्यांनी विचारलं, "उताराला किती पावलं लागतात तुम्हाला?"

"बावीस. कायम बावीस."

बाईंनी त्या दिवसाची ती वेळ काढली. "त्या दिवशी एकसष्ट लागली. तेरा सेकंदांत."

मामांना समजावून सांगावं लागलं नाही. चौतीस वर्षं त्यांनी माणसं चालताना बघितली होती. पुढे वाकून, बोटभर पावलं टाकत, थांबता न येणारे म्हातारे त्यांनी स्वतःच्या हातांनी सावरले होते. रस्ता तेवढाच, आणि पावलं जास्त. म्हणजे प्रत्येक पाऊल आखूड. ज्या आकड्यावर ते सहा महिने मिरवले, तो त्यांच्या आजाराचाच आकडा होता.

"घोट्यावर बांधला हे सांगितलं असतंत तर," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. "नाही. विचारायला मी हवं होतं. आकडा वाढला आणि मी शाब्बास म्हणून मोकळी झाले. गोळी तेव्हाच वाढवायला हवी होती. तुम्हाला एकदा नीट चालायला लावलं असतं, तरी दिसलं असतं." त्यांचे डोळे भरून आले होते. मामांना वाटलं, काहीतरी चिडवावं आणि हसवावं. पण त्यांनी नुसता मोजा वर ओढला.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. चपला, घोटा, उतार, आणि मावशीसुद्धा. ती ऐकत होती तोवर तिचा चेहरा मऊ होता. मावशीचं ऐकलं आणि बदलला.

"तिनं तुमचं नाव नाही घेतलं?"

"नाही."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

मामांनी होकाराची मान हलवली.

"आजाराचं मला दुःख आहे हो. तुमच्याआधी मी रडलेय त्यासाठी, तुम्हाला दिसू दिलं नाही एवढंच. पण हे आजारानं नाही केलं. हे तुम्ही केलंत. त्या पोरीच्या पोटावर पाय देऊन तुम्ही उभे आहात, आणि मला म्हणता पाय ऐकत नाहीत!" ती तोंडाला पदर लावून उठली. दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं.

सोमवारी मामा साहेबांच्या खोलीत न बोलावता गेले. टेबलावर पट्टा ठेवला. "मावशीला मी पाठवलं. ती नको म्हणत होती, मी खेकसलो. माझे पाय माझ्या ताब्यात राहिले नाहीत. डॉक्टरीणबाईंकडे सगळं लिहिलेलं आहे, सेकंदासकट." साहेबांनी कागद मागवले, वाचले, आणि दोन ओळी लिहिल्या. मावशी कामावर परत. मामा फाइलींच्या खिडकीवर, आजपासून.

मावशी बाहेर उभी होती. तिला कळलं तशी ती मामांच्या अंगावर धावूनच आली. "कशाला सांगितलंत? मला दुसरीकडे मिळालं असतं काम. तुम्हाला दुसरीकडे काय मिळणार होतं?" आणि तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात थरथरत होता, त्यांनी तो लपवला नाही.

त्याच दिवशी शिवणवाल्या बाईंचं दुसरं ऑपरेशन होतं. मामा वॉर्डात गेले ते माफी मागायला. मावशी आणि दुसऱ्या वॉर्डातून आणलेला एक नवा मामा त्यांना स्ट्रेचरवर घेत होते. बाईंचा चेहरा कागदासारखा पांढरा होता. मामांना बघताच त्यांनी चादरीखालून हात काढला.

"मामा, आलात? मला वाटलं, तुम्हाला काढूनच टाकलं."

"ताई, चूक माझी होती. माझे पाय—"

"ते मला मावशीनं सांगितलं सगळं." त्यांनी चादर छातीशी ओढून घेतली. "तुम्हाला दोष द्यावा असं दोन दिवस फार वाटलं. शिव्यासुद्धा दिल्या मनातल्या मनात. पण आत्ता मला भीती वाटतेय हो. हे लोक बोलतच नाहीत काही. तुम्ही नुसतं शेजारून चला. कुठे वळतोय तेवढं सांगा."

"सांगतो ना," मामा म्हणाले. "चला."

नव्या मामाने दांडीला जोर दिला. स्ट्रेचर हललं, खाटांच्या मधून निघालं, दाराची पट्टी ओलांडून वऱ्हांड्यात गेलं. मामा शेजारून निघाले होते. हातात दांडी नव्हती. दाराच्या पट्टीशी आले आणि पाय तिथेच चिकटले. त्यांनी मांडीवर चापट मारली. खांदा पुढे टाकून बघितला. पाऊल उचलेना. वॉर्डातले पेशंट खाटांवरून त्यांच्याकडे बघत होते.

"मामा, येताय ना?" वऱ्हांड्यातून आवाज आला.

"आलोच, ताई," मामांनी दाराच्या चौकटीला धरून ओरडून सांगितलं. "आता डावीकडे वळाल तुम्ही. मग जरा गार लागेल, खिडकी आहे. मग उतार आहे." स्ट्रेचर वळणावरून दिसेनासं झालं, चाकांचा आवाजही गेला, आणि मामा त्या दारात उभे राहून पुढचं सांगतच राहिले.